सुईत दोरा ओवणारा हाडवैद्य

ही गोष्ट आजवर कोणालाही पटलेली नाही, तुम्हालाही पटणार नाही. एका वकिलाने ऐकली आणि चष्मा पुसत बसला. एका डॉक्टरने अर्ध्यावर थांबवून सांगणाऱ्याचीच नाडी बघितली. एक पोलीस तेवढा शेवटपर्यंत बसून होता, पण त्याला डुलकी लागली होती हे मागाहून कळलं. तेव्हा विश्वास ठेवाच असा आग्रह नाही.

तर एक होता खटक्या.

आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं असणार, पण कॅमेऱ्याचा खटका दाबता दाबता माणसाचंच नाव खटक्या झालं. सकाळी तो धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढी. "मान सरळ. खांदे खाली. हसू नका." दुपारी जेवण झालं की कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यावर. सकाळभर ज्यांना हसू दिलं नाही, त्यांना दुपारी हसताना पकडायचं, हा त्याचा नाद. बरं, त्याला मिरवणुका नकोत, पुढारी नकोत. कोणी चुकून दुसऱ्याच्या छत्रीत शिरला, कोणी आपलं आडनाव विसरून पावतीकडे बघत बसला, असं काहीतरी पापणी लवायच्या आत घडून जातं ना, तेवढंच त्याला हवं असे.

त्याची पद्धत न्यारी होती. कॅमेरा डोळ्याला लावायचाच नाही. तो पोटावर लटकत असे, आणि भिंगाचं अंतर घरातून निघतानाच तीन पावलांवर लावून ठेवलेलं. माणूस तीन पावलांवर आला की फोटो आरशासारखा. अडीचवर आला की धुरकट, चारवर गेला की वाया. वीस वर्षांत त्याच्या अंगात ती तीन पावलं इतकी मुरली होती की डोळे बांधून कोणी समोर उभं केलं तरी तो सांगे, "जरा मागे व्हा." बहीण म्हणायची, "दादा, जेवताना तरी ताटाच्या जवळ बस."

आता तीन पावलं हे अंतर फोटोला उत्तम आणि तोंडाला अगदी वाईट. समोरच्याने एक झेप घेतली की मूठ नाकावर. खटक्याचं नाक खाटकाने मोडलं होतं. दुकानात गिऱ्हाईक नसताना तो आडदांड खाटीक सुऱ्याच्या पात्यात तोंड बघत भांग डावीकडून काढून बघत होता, मग उजवीकडून. खटकन आवाज झाला आणि पुढच्या क्षणी खटक्याला स्वतःच्याच नाकाचं हाड कानात वाजलेलं ऐकू आलं. भुवईवरचे टाके दोन बसड्रायव्हरांचे. ते एकमेकांना रक्त येईपर्यंत बडवत होते, मध्येच एकाचा दात पडला, तर दुसरा खाली बसून शोधू लागला. तो फोटो निघाल्याचं बघून दोघांची तिथल्या तिथे दोस्ती झाली आणि त्यांनी मिळून खटक्याला गटारात घातला. खांदा एका नर्सबाईने निखळवला होता. ती तुटकी चप्पल मांडीवर घेऊन रडत बसली होती. खांदा निखळवला तो तिनेच, आणि हात पिरगळून परत बसवला तोही तिनेच. सवय हो.

पण खटक्याचा नेम असा, की ज्याचा फोटो काढला त्याला आठ दिवसांत एक प्रत नेऊन द्यायची. नाकाला पट्टी बांधून तो खाटकाकडे गेला होता. खाटकाने फोटो बघितला, बराच वेळ बघितला, आणि सुऱ्यांच्या वर खिळा ठोकून टांगला. "बरा दिसतो की मी," म्हणाला. "नाक कसंय?"

त्या स्टुडिओचे मालक, म्हणजे खटक्याचे भावजी, हा माणूस मात्र वेगळ्याच मातीचा. देखणा, धीरगंभीर, आवाज खर्जातला. वाघ समोर आला असता तर त्याला खुर्ची देऊन "मान सरळ" म्हणाले असते. त्यांनी सांभाळून घेतला म्हणून खटक्या इतकी वर्षं जगला. पण आज त्यांची गोष्ट सांगायची नाहीये.

आजची गोष्ट हाडवैद्याची.

हा काही खराखुरा हाडवैद्य नव्हे. खरा हाडवैद्य हाडं जोडतो, हा मोडत असे. कोणाचं दुकान रिकामं करायचं असेल, कोणाचा साक्षीदार गप्प करायचा असेल, तर याला बोलावणं जाई. उंची दारात न मावणारी, मनगटं खांबासारखी. मोडण्याआधी हाडाचं नाव सांगायची त्याला खोड होती. "हे गळपट्टीचं," म्हणायचा, आणि कडाक. "हे मनगटामागचं लहान." कडाक. मोठ्या इस्पितळात पडलेल्यांना तिथल्या डॉक्टरांपेक्षा आपली हाडं पाठ असत. गावात चाळीसेक माणसं त्याच्यामुळे वाकडी चालत होती. त्यातलाच एक काठी. पूर्वी हा हमालांचा मुकादम होता. हाडवैद्याने त्याच्या गुडघ्याची वाटी अशी फोडली की काठी हातात आली आणि नावालाही चिकटली.

हाडवैद्याला बायको नाही, पोर नाही, मित्र नाही. त्याला कुठे मारलं तर दुखेल हे कोणालाच माहीत नव्हतं. चाळीस माणसं चाळीस बाजूंनी तेच शोधत होती.

एका मंगळवारी खटक्या सुईच्या गल्लीत शिरला. तिथे ओळीने शिंपी बसतात, आणि फुटपाथवर पिशव्या, बॅगा, छत्र्या शिवून देणाऱ्या बायका. दुपारचं ऊन समोरच्या काचेवर आपटून गल्लीत परतत होतं, म्हणजे सावलीतही तोंडं उजळलेली. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी पोत्यावर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर फाटकी पिशवी. आणि तिच्यापुढे उकिडवा बसला होता डोंगराएवढा हाडवैद्य.

त्याच्या एका हातात सुई होती, दुसऱ्यात दोरा. जिभेचं टोक दातांत धरलेलं, एक डोळा मिटलेला, कपाळावर घाम. त्या बोटांत सुई दिसतही नव्हती. दोरा भोकापाशी गेला, वळला. त्याने तो तोंडात घालून ओला केला. पुन्हा नेला, पुन्हा वळला. म्हातारी म्हणाली, "राहू दे, मी शिंप्याकडून घेईन ओवून." तो म्हणाला, "गप बस गं."

खटक्याचे पाय आपोआप चालले. सहा पावलं, पाच, चार. तीन.

खट.

दोरा सुईत गेला होता. हाडवैद्याचं तोंड लहान पोरासारखं फुललं होतं. त्याला काही कळायच्या आत खटक्या कोपऱ्यावरून वळून पसार. वीस वर्षं ज्यासाठी नाक, भुवई, खांदा दिला, ते आज पोटावर लटकलेल्या डबीत होतं.

संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली तो कागद औषधात डुलू लागला. आधी सुई उमटली, मग जीभ, मग तो मिटलेला डोळा. शेजारी बहीण उभी होती. फोटोंवरचे डाग बारीक कुंचल्याने घालवणं हे तिचं काम. दिवसभर लोकांच्या तोंडांवरून कुंचला फिरवून तिला माणसाच्या चेहऱ्याची नस नि नस कळत असे.

"दादा," ती वाकून म्हणाली, "हे कान बघितलेस?"

"कान कसले बघतेस चिमे, उजेड बघ! जीभ बघ!"

"दोघांचे कान एकच आहेत. पाळी अशी गालाला चिकटलेली, आणि वर हा कोपरा. अरे, ही त्याची आई आहे."

"असू दे की. मग तर फोटो आणखीच झकास."

"त्याला आई आहे हे गावात कोणाला तरी ठाऊक आहे का?"

खटक्याने ऐकलं, पण ऐकलं ते एका कानाने. फोटो काढणाऱ्याची गोम ही अशी असते. त्याला उजेड दिसतो, हात दिसतात, ओठांचा कोपरा दिसतो. तो माणूस कोण, कोणाचा कोण, ते नेमकं दिसत नाही. सगळ्या गावाला दिसतं ते याला दिसत नाही, आणि म्हणून गावाला जे दिसत नाही ते याला दिसतं. एरवी हे खपून जातं. या वेळी खपलं नाही.

दर सोमवारी आठवड्यातला सगळ्यात चांगला फोटो स्टुडिओबाहेरच्या काचेच्या कपाटात लावायचा, हा त्याचा रिवाज. त्याला आठ दिवसांत द्यायची प्रत हाडवैद्याकडे न्यायची हिंमत झाली नाही, पण काचेत लावायची झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सोमवारी सकाळी दहाला त्याने फोटो लावला, चार पावलं मागे जाऊन बघितला, मग एक पाऊल पुढे येऊन बघितला.

अकराला काठी त्या रस्त्याने खुरडत चालला होता. काचेपाशी थांबला. बराच वेळ थांबला. मग दारात डोकावून त्याने भावजींना विचारलं, "फोटो छान आहे हो. कुठली जागा म्हणायची ही?"

भावजी सभ्य माणूस. विचारलेल्याला उत्तर द्यावं असे त्यांच्यावर संस्कार. "सुईची गल्ली," म्हणाले. "अगदी टोकाला." यात त्यांचं काय चुकलं सांगा.

काठीने हातातली काठी फिरवली आणि काच खळ्ळकन फोडली. फोटो ओढून काढला, खिशात घातला आणि गेला. भावजींनी त्याला तिथेच आडवा केला असता, पण फुटक्या काचांत गिऱ्हाइकांचे पाय कापले जातील, ती चिंता आधी. खटक्या आणि बहीण आत अंधाऱ्या खोलीत होते. काच फुटल्याचा आवाज त्यांनी ऐकला, पण औषधात कागद पडलेले असताना दार उघडता येत नाही. उजेड आत शिरला की सगळे कागद काळे. तीन मिनिटांनी ते बाहेर आले तर भावजी झाडू घेऊन काचा गोळा करत होते.

"काय झालं हो?" बहिणीने विचारलं.

"वारा," भावजी म्हणाले. उगाच घाबरायला नकोत म्हणून.

बहिणीने बाहेर बघितलं. झाडाचं पानही हलत नव्हतं. पण तेवढ्यात भावजी झाडू घेऊन रस्त्यावर गेले, आणि तेवढ्यातच हाडवैद्य आला.

दार अंधारलं, तेव्हा खटक्याला वाटलं ढग आला. मग ढगाने वाकून डोकं आत घातलं. आत आल्याबरोबर हाडवैद्याने पाठीमागचं शटर एका हाताने खाली ओढलं. धडाड. ओळखपत्राच्या फोटोसाठी ठेवलेले दोन दिवे तेवढे उजेड देत राहिले.

"फोटो कोण काढतो इथे?"

खटक्या बोलला नाही. त्याच्या गळ्यातला कॅमेरा बोलला.

पहिली थप्पड अशी बसली की खटक्या स्टुलावरून उडाला तो मागच्या निळ्या पडद्यावर आपटला आणि पडद्यासकट खाली आला. उठतोय तोवर लाथ. बरगडीत काहीतरी चिरलं. तोंडात खारट चव आली. हाडवैद्याने त्याला कॉलरला धरून उभा केला आणि ज्या खुर्चीवर सकाळी लोक मान सरळ करून बसत, तिच्यात ठोकला.

"काचेत लावलाय म्हणून ऐकलं, तो कागद कुठाय? बाहेरची चौकट रिकामी आहे. मी येतोय म्हणून काढलास ना?"

"मी नाही काढला."

पालथ्या हाताची थोबाडीत. एक दात हलला. "निगेटिव्ह कुठाय?"

आता कोणीही शहाणा माणूस असता तर त्याने निगेटिव्हच्या कपाटाकडे बोट दाखवलं असतं. खटक्याने तोंडातलं रक्त गिळलं आणि म्हणाला, "देणार नाही."

"काय?"

"वीस वर्षांत एक फोटो निघाला हो असा. तुमची शप्पथ. प्रती दहा देतो. मोठी करून देतो. निगेटिव्ह नाही."

हाडवैद्य त्याच्याकडे असा बघू लागला, जणू खुर्चीनेच नकार दिलाय. मग त्याने शांतपणे विचारलं, "खटका कुठल्या बोटाने दाबतोस?"

खटक्याने डावी तर्जनी पुढे केली. हाडवैद्य म्हणाला, "खोटारडा," आणि उजवी धरली. "हे तर्जनीचं मधलं." कडाक. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. बोट मागे वळून मनगटाकडे बघू लागलं. खटक्या इतका ओरडला की दिव्याची एक काच तडकली.

तेवढ्यात अंधाऱ्या खोलीत धावलेली बहीण परत आली. हातात फोटो धुवायच्या आम्लाची बाटली, बूच काढलेलं. तिने मागचापुढचा विचार केला नाही, सगळी बाटली हाडवैद्याच्या पाठीवर उपडी केली. शर्टातून धूर निघाला. कातडी भाजल्याचा वास सुटला. हाडवैद्याने मान वळवली आणि म्हणाला, "बाई, जरा थांबा. काम चालू आहे."

"राक्षस आहेस का रे तू?" ती किंचाळली. "एका फोटोसाठी माणूस मारतोस? काय वाईट आहे त्या फोटोत? माणसासारखा दिसतोस!"

"माणसासारखा दिसतो, हीच तर बोंब आहे!" तो गरजला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चिरकला. "चाळीस जण फिरतायत या गावात. माझं मऊ कुठे आहे ते हुडकतायत. बारा वर्षं तिला भेटायला जाताना चार गल्ल्या वाकड्या करून जातो. तिला सांगितलंय गोदामात पोती उचलतो. आणि या तुझ्या भावाने ती काच लावून रस्त्यावर टांगली!"

खटक्याने मोडकं बोट छातीशी धरलं होतं. त्याला ते कान दिसले. आत्ता, तीन पावलांवर, दिव्याच्या झोतात. पाळी गालाला चिकटलेली, वर कोपरा. आठवड्यापूर्वी बघायला हवे होते ते कान.

बहिणीने रिकामी बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "चौकट रिकामी होती म्हणालास. आणि काच?"

"फुटलेली."

"दादा, सकाळी काठी उभा होता काचेपाशी. मी आत जाताना बघितला त्याला."

हाडवैद्याच्या तोंडावरचं रक्त असं उतरलं की त्याचेच डोळे त्याला मोठे झाले. तो शटरवर धावून गेला. खाली हात घालून ओढलं. शटर जागचं हलेना. जुनं शटर ते, कधी कधी बाहेरची कडी आपोआप पडायची. त्याने खांदा मारला. पत्र्याला खळगा पडला, कडी निघाली नाही.

आणि इथे, मंडळी, भावजी कामाला आले.

बाहेर झाडू मारता मारता त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी झाडू फेकला. एका हाताने कडी उपटली, दुसऱ्या हाताने शटर असं वर फेकलं की ते वरच्या मजल्यापर्यंत गेलं, आणि खर्जातल्या आवाजात म्हणाले, "काठी सुईच्या गल्लीकडे गेलाय. तीन माणसं बरोबर आहेत. धावा!" हाडवैद्यासारखा हाडवैद्य, पण त्याने भावजींच्या पायाला हात लावला आणि मग धावला. मागे खटक्या, बोट छातीशी धरून. त्याच्यामागे कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटणी खांद्यावर घेऊन भावजी.

ते गल्लीत पोचले तेव्हा काठी म्हातारीच्या पोत्यापासून दहा हातांवर होता. बरोबरच्या तिघांपैकी एकाच्या हाती सायकलची साखळी, दुसऱ्याच्या लोखंडी पहार, तिसऱ्याच्या फुटकी बाटली. शिंप्यांनी पायमशिनी सोडून दुकानांत दडी मारली होती. म्हातारी आपली पिशवी शिवत बसलेली.

"हीच का रे आई त्याची?" काठी म्हणाला. "गुडघ्यापासून सुरुवात करा."

पहारवाल्याने पहार उचलली, ती उचललेलीच राहिली, कारण मागून हाडवैद्याने त्याचं कोपर धरलं होतं. "हे कोपराचं टोक," तो म्हणाला. कडाक. "हा दंड." कडाक. पहारवाला पहारेआधी खाली पडला. साखळीवाल्याने साखळी फिरवली, ती हाडवैद्याच्या तोंडावर बसून गालाची साल निघाली, दात दिसू लागले. त्या उघड्या गालाने हसत हाडवैद्याने साखळी मुठीत गुंडाळत गुंडाळत त्या माणसाला जवळ ओढला, मासा ओढावा तसा, आणि कपाळावर कपाळ आपटलं. साखळीवाल्याला पुढे सहा महिने आपलं नाव आठवलं नाही.

राहिला बाटलीवाला. तो वळला खटक्याकडे.

खटक्याकडे काय होतं? एक मोडकं बोट आणि गळ्यात कॅमेरा. पितळी अंगाचा, विटेएवढ्या वजनाचा. त्याने डाव्या हाताने पट्टा गळ्यातून काढला आणि गोफणीसारखा डोक्यावर गरगरा फिरवायला लागला. बाटलीवाला हसला. सहा पावलं, पाच, चार. खटक्याने डोळे मिटून घेतले. उघडे ठेवायची त्याला गरजच नव्हती. तीन.

कॅमेरा जबड्यावर असा बसला की खालचा जबडा कानापाशी गेला. भिंगाच्या काचा गालात रुतल्या. दात उडाला तो समोरच्या शिंप्याच्या मशिनीत पडला आणि एका कोटाला गुंडी म्हणून शिवला गेला. तो कोट अजून कोणीतरी वापरतं. आणि आपटता आपटता कॅमेऱ्याचा खटका आपोआप दाबला गेला, तोही फोटो चांगला आला!

भावजींनी तिकाटणीने काठीची काठी उडवली. मग काठी एका पायावर उड्या मारत, हातात सुरा काढून, म्हातारीवर पडला. हाडवैद्य पाच पावलं लांब, खटक्या सात. संपलं सगळं, असं वाटलं. पण म्हातारीला अंगावर सावली पडलेली कळली. "अरे, उजेड सोडा!" ती खेकसली, आणि हातातली दाभणाएवढी सुई तिने समोर दिसणाऱ्या अंधारात खुपसली. ती काठीच्या मांडीत शिरली ती हाडाला जाऊन टेकली. काठीने अशी बोंब ठोकली की चार गल्ल्यांतली कुत्री पळाली.

म्हातारी मान वर करून म्हणाली, "कोण आहे रे? आणि हे रक्ताचे हात घेऊन कोण उभा आहे? तूच ना? गोदामात पोती उचलतोस होय रे मेल्या?" हाडवैद्य, ज्याच्यापुढे गाव चळचळा कापे, तो मान खाली घालून उभा. तिने त्याच्या कानाची ती चिकटलेली पाळी धरून कान असा पिळला की तो रडला. मग त्याने खटक्याचं बोट आपल्या हाताने जागेवर बसवलं. आणि भावजींना तर त्याने कडकडून मिठी मारली. म्हणाला, "तुम्ही ते शटर उघडलं नसतं, तर..."

"खोटं."

ऐकणाऱ्यांनी वळून बघितलं. मागच्या बाकावर एक पिकल्या केसांची बाई बसली होती. ती इतका वेळ मांडीवरच्या फोटोवरचे डाग कुंचल्याने घालवत होती.

"खोटं बोलताय तुम्ही," ती सांगणाऱ्याला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "इतकी वर्षं ऐकतेय. पहार, साखळी, कोटाची गुंडी, सगळं ऐकून घेतलं. आज नाही ऐकणार. शटर त्याने ओढलं नव्हतं. तो आत शिरल्याबरोबर तुम्ही बाहेरून ओढलंत, कुलूप घातलंत आणि किल्ली खिशात टाकून पळालात. अहो, तुमची बायको आत होती. मी आत होते. पाऊण तास आम्ही तिघं त्या पत्र्यावर हात आपटत होतो. दादा त्या मोडक्या बोटाने आपटत होता. तो माणूस डोक्याने आपटत होता, आई आई म्हणत. लोकांनी कुलूप तोडलं तोवर सगळं आटोपलं होतं. सुईच्या गल्लीत कोणी पोचलं नाही. ना दादा, ना तो, ना तुम्ही."